तुरुंगातून दहावी, पदवी आणि पुढे शिकवणं: कारागृहातल्या मुक्त शिक्षणसेवेचं परीक्षण

घरचं माणूस आत गेलं की वकील, जामीन, मनीऑर्डर आणि मुलाखतीची वेळ यांची चौकशी पहिल्या आठवड्यातच होते. शिक्षणाची चौकशी व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं, आणि तोवर प्रवेशाची दोन-तीन सत्रं हातची गेलेली असतात. हे परीक्षण अशा कुटुंबांसाठी आहे, आत शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांना मदत करणाऱ्या स्वयंसेवकांसाठी आहे आणि सुटून आल्यावर अर्धवट राहिलेला अभ्यासक्रम पुरा करू पाहणाऱ्यांसाठीही आहे.

मत आधीच सांगतो. पुस्तकं आणि परीक्षा या बाबतीत ही सेवा चांगली आहे. प्रवेशाच्या टप्प्यावर ती नको तितकी अडखळते. सुटकेच्या दिवशी तर ती जवळजवळ थांबतेच. पदवीचं कौतुक सगळे करतात, पण बराकीतल्या साक्षरता वर्गात एका कैद्यानं दुसऱ्याला शिकवणं हा या सेवेतला सगळ्यात मोलाचा भाग आहे आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिलं जातं.

आत काय मिळतं

महाराष्ट्रात नऊ मध्यवर्ती कारागृहं आहेत: येरवडा, नाशिक रोड, नागपूर, अमरावती, हर्सूल, कळंबा, ठाणे, तळोजा आणि मुंबईचं आर्थर रोड. मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र असण्याची शक्यता अशा मोठ्या कारागृहांतच जास्त. जिल्हा कारागृहात किंवा तालुक्याच्या ठिकाणच्या दुय्यम कारागृहात साक्षरता वर्ग असला तर नशीब. म्हणून पहिला प्रश्न ‘कोणता कोर्स चांगला’ हा नाही. इथल्या शिक्षण विभागात कुठल्या संस्थेचं केंद्र प्रत्यक्ष चालू आहे, हे आधी विचारायचं. कारागृहाचे गुरुजी, म्हणजे नेमलेले शिक्षक, किंवा शिक्षणाचं काम पाहणारे तुरुंगाधिकारी हे सांगू शकतात.

पदवीसाठी दोन विद्यापीठं आहेत. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, १९८५ साली स्थापन झालं आणि १९९४ मध्ये त्यानं तिहारमध्ये अभ्यासकेंद्र उघडलं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ चं. दोन्हींच्या पदव्या मान्यताप्राप्त आहेत, त्यामुळे त्या बाबतीत डावं-उजवं करण्यासारखं काही नाही. निवड भाषेवरून करावी. इग्नूच्या कला शाखेचं साहित्य प्रामुख्यानं इंग्रजी आणि हिंदीत आहे. मराठी शाळेत शिकलेल्या, दहा-पंधरा वर्षं पुस्तकापासून दूर राहिलेल्या माणसाला राज्यशास्त्र हिंदीतून वाचायला दिलं तर पहिल्या दोन महिन्यांत पुस्तक मिटतं. त्याच्यासाठी नाशिकचं विद्यापीठ सरळ सरस, कारण स्वयंअध्ययनाची पुस्तकं मराठीत आहेत आणि सोप्या गद्यात लिहिलेली आहेत. मुंबई-ठाण्याच्या कारागृहांत उत्तरेकडचे विद्यार्थी भरपूर असतात. त्यांना इग्नू सोयीचं. इग्नूनं कैद्यांसाठी शुल्कमाफीही ठेवलेली आहे. मात्र ती कोणत्या अभ्यासक्रमांना लागू आहे, हे प्रवेशाच्या वेळी त्या सत्राच्या सूचनेत बघून घ्यावं.

बारावी न झालेल्यांसाठी ‘पूर्वतयारी’ची वाट आहे. इग्नूच्या पूर्वतयारी अभ्यासक्रमात तीनपैकी दोन विषय घ्यायचे, किमान मुदत सहा महिने, वय १८ पूर्ण हवं. वाट सोपी दिसते म्हणून सगळे तिकडेच वळतात. आम्ही सहसा हा सल्ला देत नाही. पूर्वतयारी केल्यानं त्या विद्यापीठाच्या पदवीला प्रवेश मिळतो, पण ती बारावीला समकक्ष धरली जात नाही. बाहेर आल्यावर एखाद्या भरतीत बारावीची गुणपत्रिका मागितली की पदवी हातात असूनही माणूस अडतो. शिक्षा लांबची असेल आणि वय तिशीच्या आतलं असेल तर दहावी-बारावी रीतसर करून मग पदवीला जावं. वेळ जास्त लागेल, पण पायऱ्या सलग राहतात.

दहावी-बारावीसाठी १७ नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाची परीक्षा देता येते, किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून. कच्च्या, म्हणजे खटला अजून चालू असलेल्या, कैद्यांसाठी आमची पसंती निःसंशय दुसऱ्या वाटेला आहे. २०२२ च्या राष्ट्रीय अहवालानुसार देशातल्या कैद्यांपैकी सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांना आपण आत किती दिवस आहोत हेच ठाऊक नसतं. एनआयओएसमध्ये एका नोंदणीवर पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षा देता येते आणि पास झालेला विषय जमा राहतो. एप्रिल-मेमध्ये दोन विषय, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दोन, उरलेला जामिनानंतर, असं चालतं. पाच विषय लागतात, त्यात निदान एक भाषा हवी. दहावी मराठी माध्यमातूनही देता येते. विषय निवडताना प्रात्यक्षिक असलेले विषय टाळावेत. आत प्रयोगशाळा नसते आणि प्रात्यक्षिकाचे गुण राहिले की लेखीत पास असूनही विषय अडकतो. भाषा, सामाजिक शास्त्र, अर्थशास्त्र, वाणिज्य असे विषय निभतात.

प्रवेश: बहुतेक गळती इथेच

कागद लागतात ते नेहमीचेच: आधार, फोटो, शेवटची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला. अडचण कागदांच्या यादीत नाही, ते आत पोचण्यात आहे. दाखला गावी ट्रंकेत असतो, ट्रंकेची किल्ली दुसऱ्याकडे असते आणि मुलाखतीला येणारी बहीण पंधरा दिवसांनी येणार असते. म्हणून घरच्यांनी मूळ कागद आत पाठवूच नयेत. साक्षांकित प्रतींचे दोन संच करावेत, एक शिक्षण विभागात द्यावा आणि एक घरी ठेवावा. मूळ कागद झडतीत किंवा बराक बदलताना गहाळ झाला तर दुय्यम प्रत काढायला शाळेत खेटे घालावे लागतात.

२०२४ पासून यात आणखी एक अडथळा आलाय. दूरशिक्षणाच्या प्रवेशासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाचा ओळखक्रमांक, म्हणजे डीईबी आयडी लागतो, त्याआधी श्रेयांकांच्या डिजिटल खात्याचा क्रमांक, म्हणजे एबीसी आयडी लागतो आणि ते काढताना आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. कैद्याजवळ मोबाइल नसतो. जोडलेला नंबर बहुधा जप्त झालेल्या फोनमधला असतो किंवा रिचार्जअभावी बंद पडून दुसऱ्या कुणाला गेलेला असतो. नंबर चालू असेल आणि सिम घरच्यांकडे असेल तर शिक्षण विभागाशी दिवस-वेळ ठरवून ओटीपी कळवता येतो. नंबर मेलेला असेल तर आधी आधारमधला मोबाइल क्रमांक बदलावा लागतो. त्यासाठी सहसा बोटांचे ठसे द्यावे लागतात, म्हणजे आधारचं शिबिर कारागृहातच व्हायला हवं. ते जिल्हा प्रशासनाकडून आणवणं हे अधीक्षकांच्या पातळीवरचं काम आहे. इग्नूचे प्रवेश जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांचे असतात, तेव्हा सत्राच्या निदान दोन महिने आधी हे शिबिर झालं तरच उपयोग. शेवटच्या आठवड्यात धावपळ करून काही साधत नाही.

फॉर्मवर पत्रव्यवहाराचा पत्ता कारागृहाचा टाकावा, कायमचा पत्ता मात्र घरचाच. सगळीकडे कारागृहाचा पत्ता पडला की सुटकेनंतर वर्षभरानं निघालेलं प्रमाणपत्र तिकडे जातं. नावाचं स्पेलिंग वॉरंटवर एक, आधारवर दुसरं आणि दाखल्यावर तिसरं असं नेहमी आढळतं. प्रवेश दाखल्यावरच्या नावानं घ्यावा आणि आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यावं. उलटं केलं तर दहावीपासूनची साखळी तुटते.

अभ्यास आणि परीक्षा

इग्नूच्या बहुतेक अभ्यासक्रमांत स्वाध्यायाला, म्हणजे लिहून जमा करायच्या असाइनमेंटला, ३० टक्के आणि सत्रान्त परीक्षेला ७० टक्के वजन असतं, आणि दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं. आतले विद्यार्थी परीक्षा नेटानं देतात आणि स्वाध्यायात राहतात. कारण अगदी साधं आहे. स्वाध्यायाचे प्रश्न वेळोवेळी बदलतात आणि ते संकेतस्थळावर असतात. बाहेरच्या कुणी तरी ते छापून आत पोचवले नाहीत तर जुन्याच प्रश्नांची उत्तरं लिहिली जातात आणि ती ग्राह्य धरली जात नाहीत. घरच्यांनी करण्यासारखं सगळ्यात उपयोगी काम हेच: सत्र सुरू झालं की नवे प्रश्न छापून शिक्षण विभागात द्यायचे आणि स्वाध्याय जमा केल्याची पोच मागून घ्यायची. ही पोच सांभाळली नाही तर वर्षभरानं गुणपत्रिकेत तो रकाना रिकामा दिसतो आणि पुरावा काहीच नसतो.

दुसरी गळती पुनर्नोंदणीची. इग्नूत पहिल्या वर्षाचे विषय राहिले तरी पुढच्या वर्षात जाता येतं, पण त्यासाठी मुदतीत पुनर्नोंदणी करावी लागते. नापास झालो म्हणजे थांबायचं, अशी शाळेची सवय असल्यानं बरेच जण ती करतच नाहीत. तीन वर्षांच्या जुन्या पदवीक्रमाला कमाल सहा वर्षांची मुदत होती. आता चार वर्षांचे क्रम आले आहेत, त्यांची मुदत माहितीपुस्तिकेत बघून घ्यावी.

संध्याकाळी कुलूपबंद झाल्यावर बराकीत दिवा रात्रभर असतो, पण तो उंच आणि मिणमिणता, आणि टीव्हीचा आवाज जोरात. म्हणून अभ्यासाची वेगळी बराक किंवा निदान एक कोपरा देणारी कारागृहं निकालात पुढे राहतात. त्यासाठी खर्च लागत नाही, अधीक्षकांचा एक आदेश पुरतो.

परीक्षा आतल्याच केंद्रावर होते. त्या दिवसांत कोर्टाची तारीख पडणं हा नेहमीचा घोळ. वेळापत्रक हाती आल्याबरोबर वकिलामार्फत हजेरीतून सूट किंवा व्हिडिओ कॉन्फरन्सिंगनं हजेरी मागणारा अर्ज करावा आणि त्याला हॉलतिकिटाची प्रत जोडावी. आदल्या दिवशी सांगून कुणाच्या हाती काही राहत नाही. दुसऱ्या कारागृहात वर्ग झालेल्या विद्यार्थ्याचं केंद्र आपोआप बदलत नाही. केंद्रबदलाचा अर्ज वेगळा करावा लागतो आणि पुस्तकं माणसाबरोबर जातील अशी लेखी नोंद मागावी लागते.

माफीबद्दल, म्हणजे शिक्षेचे दिवस कमी होण्याबद्दल, थोडक्यात. महाराष्ट्रात पदवी पूर्ण केलेल्या पक्क्या, म्हणजे शिक्षा लागलेल्या, कैद्यांना ९० दिवसांपर्यंतची विशेष माफी मिळालेली आहे. कच्च्या कैद्याला माफीचा प्रश्नच येत नाही, आणि काही शिक्षांमध्ये माफीच वगळलेली असते. गुणपत्रिका आली की दिवस आपसूक वजा होत नाहीत. तिची नोंद हिस्ट्री तिकिटावर, म्हणजे कैद्याच्या कारागृहातल्या नोंदपत्रकावर, व्हावी लागते आणि प्रस्ताव जावा लागतो. माफीसाठी शिकायला बसलेल्यांना नावं ठेवणाऱ्यांशी आम्ही मुळीच सहमत नाही. माणूस कुठल्या कारणानं बसला यापेक्षा बसला हे महत्त्वाचं, आणि दुसऱ्या वर्षापर्यंत कारण बहुधा बदललेलं असतं.

कैदी शिकवतो तेव्हा

देशातल्या कैद्यांपैकी साधारण चौथा हिस्सा निरक्षर आहे आणि दहावीच्या आत शाळा सोडलेल्यांचा गट त्याहूनही मोठा आहे. पदवीची केंद्रं यांच्यापर्यंत पोचतच नाहीत. त्यांच्यापर्यंत पोचतो तो शेजारच्या वळकटीवरचा शिकलेला कैदी. तिहारमध्ये ‘पढो और पढाओ’ या नावानं हेच रीतसर चालवलं गेलं. आपल्याकडे तर १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी बोलत आणि साने गुरुजी लिहून घेत.

सध्याची चौकट ‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रमाची आहे, २०२२ ते २०२७ या मुदतीची. पंधरा वर्षांवरचा कुणीही शिकू शकतो, शिकवणारा स्वयंसेवक असतो. शेवटी १५० गुणांची चाचणी होते: वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना ५० - ५०, प्रत्येकात ३३ टक्के हवेत. चाचणी छान आखलेली आहे. वर्ग मात्र पुष्कळदा चाचणीच्या महिनाभर आधी उभा राहतो आणि सही करता येणाऱ्याला साक्षर धरून मोकळा होतो. सही म्हणजे अक्षरओळख नव्हे. पुष्कळ जण आपलं नाव चित्रासारखं काढतात. त्यांच्या नावातलं एक अक्षर दुसऱ्या शब्दात दाखवून ‘हे कोणतं’ विचारलं की खरं कळतं.

चालणारा वर्ग असा असतो. आठ ते दहा जण, रोज ४० ते ४५ मिनिटं, आठवड्यातून निदान पाच दिवस. तीस जणांचा वर्ग म्हणजे हजेरीचं समाधान. पाटी-खडू पहिले दोन आठवडे, मग दुरेघी वही. मुळाक्षरं क्रमानं शिकवत बसू नये, ङ-ञ पर्यंत पोचेतो माणूस कंटाळतो. न, म, र, क, स, ल, ब, त एवढी अक्षरं आणि काना घेतला की ‘नाक’, ‘काम’, ‘मन’, ‘तास’, ‘साल’, ‘बारा’ असे शब्द पहिल्या आठवड्यात वाचता येतात. प्रौढाला लवकर वाचता येणं फार गरजेचं असतं, नाही तर तो मनातून उठून जातो. जोडाक्षरं शेवटी. पण ‘अर्ज’, ‘कोर्ट’, ‘वॉरंट’ हे शब्द त्याला पहिल्या दिवसापासून वाचायचे असतात, तेव्हा रफार-अनुस्वार न समजावता ते आख्खे शब्द म्हणून भिंतीवर लावावेत आणि ओळखीचे करून द्यावेत. हिशेबासाठी कॅन्टीनची यादी आणि दिनदर्शिका यांसारखं साहित्य नाही. तारखेला किती दिवस उरले, माफीचे किती जमले, ही वजाबाकी कुणाला कंटाळवाणी वाटत नाही. हिंदी आणि मराठी भाषकांचा वर्ग मात्रांपर्यंत एकत्र चालतो, लिपी एकच आहे. वाचनपाठ सुरू झाले की वेगळे करावेत.

एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक वर्गात निसटते: चष्मा. चाळिशी उलटलेल्या माणसाला जवळचं धूसर दिसतं, आणि ज्यानं कधी वाचलंच नाही त्याला ते कळायचं कसं? ‘डोक्यात शिरत नाही’ असं तो म्हणतो आणि गुरुजीही ते खरं धरतात. वर्ग सुरू होण्याआधी नेत्रतपासणीचं शिबिर घ्यावं आणि अधिक एक ते अधिक अडीच नंबरांचे वाचनाचे चष्मे द्यावेत. प्लॅस्टिकची काच आणि प्लॅस्टिकची फ्रेम असली म्हणजे सुरक्षेची हरकत निघत नाही.

शिकवणाऱ्याच्या बाजूनं मोडतं ते तीन ठिकाणी. तो जामिनावर सुटला किंवा दुसऱ्या कारागृहात हलवला गेला की शाळा बंद पडते. म्हणून प्रत्येक वर्गाला दोन शिक्षक हवेत आणि रोज कुठल्या पानापर्यंत आलो याची नोंदवही हवी. दुसरं, वर्गाची वेळ कारागृहातल्या कारखान्याच्या वेळेवर आली की शिकणाऱ्याचा कामाचा मोबदला बुडतो. घरी पैसे पाठवणारा माणूस तेव्हा वर्ग सोडतो, आणि त्याला आळशी म्हणणं अन्याय आहे. वर्गाचा वेळ कामाचा वेळ म्हणून धरावा, किंवा वर्ग सुट्टीच्या वेळात ठेवावा. तिसरं जरा नाजूक आहे. शिकलेला कैदी इतरांचे अर्ज लिहितो, दोषारोपपत्र वाचून दाखवतो, आणि त्याच्या हाती लोकांची गुपितं येतात. त्याबदल्यात विडी-साबण घेणं सुरू झालं की वर्गाचा बाजार होतो. अर्जाचं काम विधी सेवा प्राधिकरणाच्या स्वयंसेवकांकडे आणि वर्ग शिक्षकाकडे, ही वाटणी पहिल्या दिवशीच जाहीर करावी.

एवढं सांभाळलं तर शिकवणाऱ्यात जो बदल दिसतो तो पदवीनं येत नाही. आपली ओळख कलमाच्या आकड्यावरून सुटून ‘गुरुजी’वर येते, उद्या आठ माणसं वाट बघणार आहेत म्हणून आज धडा काढून ठेवावा लागतो, आणि चिडून वर्ग मोडला तर नुकसान कुणाचं हे समोर दिसतं. आयुष्याला अर्थ मिळणं म्हणतात ते आत बहुधा अशाच रोजच्या बांधिलकीतून येतं.

सुटकेनंतर

जामीनपेटीतून, म्हणजे जामिनाचे आदेश टाकायच्या कारागृहाच्या दाराशी असलेल्या पेटीतून, आदेश निघाला की माणूस त्याच दिवशी बाहेर पडतो. पुस्तकं बराकीत, पोचपावत्या शिक्षण विभागात, आणि विभागाचे कर्मचारी घरी गेलेले. म्हणून नोंदणी क्रमांक, एबीसी आयडी, पास झालेले विषय आणि स्वाध्यायांच्या पोचा यांची एक प्रत घरच्यांकडे कायम असावी. बाहेर आल्यावर केंद्रबदलाचा अर्ज लगेच करावा. कैद्यांची शुल्कमाफी पुढच्या पुनर्नोंदणीला धरली जाईल असं गृहीत धरू नये, पैशांची तजवीज ठेवावी.

शिकवण्याची आवड लागलेल्यांना एक गोष्ट आतच सांगायला हवी, आणि ती कुणी सांगत नाही. बीए झालं की शाळेत शिक्षक होता येत नाही. त्यासाठी बीएडसारखं अध्यापनाचं शिक्षण लागतं, आणि मुक्त विद्यापीठांचं बीएड आधीच सेवेत असलेल्या किंवा प्रशिक्षण झालेल्या शिक्षकांसाठी आखलेलं आहे. नियमित महाविद्यालयात बीएड केलं तरी नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणी येते. मुलांविरुद्धच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांनी हा विचारच करू नये, आणि संस्थांनीही तिथे सवलत देऊ नये. इतरांसाठी दार किलकिलं आहे ते प्रौढ साक्षरता, स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका, संगणक आणि हातकामाचे वर्ग, आणि सुटून आलेल्यांसोबत काम करणाऱ्या संस्था, अशा ठिकाणी. परिवीक्षेवर, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर (प्रोबेशन) सोडलेल्यांना १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचं कलम १२ लागू होतं: त्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. फॉर्म भरण्याआधी वकिलाकडून हे तपासून घ्यावं. माहिती लपवू मात्र नये. पुढे नोकरी हातची जाते ती बहुधा गुन्ह्यामुळे नाही, लपवल्यामुळे जाते.

अशा ठिकाणी पहिला प्रश्न अनुभवाचा येतो, आणि तीन-चार वर्षं रोज वर्ग घेतलेल्या माणसाकडे दाखवायला एक कागद नसतो. तो सुटकेपूर्वी मागून घ्यावा: अधीक्षकांच्या सहीचं प्रमाणपत्र, त्यात कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत शिकवलं, कोणता स्तर, किती जण चाचणीला बसले आणि किती पास झाले, एवढं लिहिलेलं. ‘वर्तणूक चांगली होती’ या एका ओळीचा बाहेर काही उपयोग होत नाही. नोंदवही नीट ठेवलेली असेल तर हा कागद अर्ध्या तासात तयार होतो.